प्रॉक्सी बंद केली तरी स्पॅम परत सुरू: अपाचीतली गळती कुठे कुठे सापडते

"दादा, सभासदांना पावत्या जात नाहीयेत. सगळे मेल परत येतायत."

एका पतसंस्थेच्या ऑफिसातून फोन होता. महिनाअखेर असल्यानं आवाजात काळजी भरपूर, माहिती शून्य. परत आलेला एक मेल पाठवायला सांगितला. त्यात कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: तुमचा आयपी स्पॅमहाउसच्या, म्हणजे स्पॅम येणाऱ्या आयपींच्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या, एक्सबीएल यादीत आहे.

इथेच मी पहिली चूक केली. यादीत नाव म्हणजे आपला मेल सर्व्हर बिघडलाय, असं धरून दोन तास पोस्टफिक्स, म्हणजे आमचा मेल सर्व्हर, उसवत बसलो. रांग रिकामी, मेल लॉगमध्ये फक्त पावत्या, रिले बंद, संपर्क फॉर्मची पीएचपीही धुतल्या तांदळासारखी. एक्सबीएल ही मुळात वेगळ्या प्रकारची यादी आहे हे नंतर डोक्यात आलं. व्हायरस लागलेली यंत्रं, बॉट आणि कोणालाही वापरू देणाऱ्या उघड्या प्रॉक्सी (दुसऱ्याच्या वतीनं विनंत्या पुढे नेणारे मध्यस्थ सर्व्हर) त्यात टाकतात. डीएनएसवरून विचारणा केली की १२७.०.०.४ असं उत्तर येतं. ते उत्तर पाहिल्यावर मेल सर्व्हर सोडून आधी बाकीचं यंत्र तपासायला हवं होतं.

मग 'एसएस -टीएनपी' चालवून २५ नंबरच्या पोर्टावर कोण बाहेर बोलतंय ते पाहिलं. पोस्टफिक्स दिसेल अशी अपेक्षा होती. दिसलं 'अपाची२'. ओळीमागून ओळ, डावीकडे आमचा आयपी, उजवीकडे जगभरातले मेल सर्व्हर, प्रत्येकापुढे :२५, आणि शेवटी कंसात अपाचीचा प्रोसेस. वेब सर्व्हरला बाहेरच्या २५ नंबरवर काय काम? काहीच नाही. रोग तिथेच कळला.

बरा व्हायला मात्र दोन महिने लागले, कारण याच दुखण्यावरून फोन तीनदा आला आणि तिन्ही वेळा मूळ वेगळं निघालं. ते तिन्ही प्रकार खाली क्रमानं देतोय. कमांड आणि डायरेक्टिव्हची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; फाइलीत अर्थातच मूळ स्पेलिंग टाकायचं.

लॉगमध्ये काय शोधायचं

नेहमीची विनंती लॉगमध्ये 'गेट' आणि पुढे स्लॅशनं सुरू होणारा पाथ अशी दिसते. प्रॉक्सीचा गैरवापर दोन रूपांत दिसतो. एकात पाथच्या जागी अख्खा पत्ता असतो, एचटीटीपी कोलन पासून, तोही दुसऱ्याच कुठल्या साइटचा. दुसरं रूप असं:

२०३.०.११३.४५ - - "कनेक्ट एमएक्स.एक्झाम्पल.नेट:२५ एचटीटीपी/१.०" २०० -

कनेक्ट ही मेथड प्रॉक्सीतून एचटीटीपीएस नेण्यासाठी आहे. प्रॉक्सीला सांगायचं, अमुक यंत्राच्या अमुक पोर्टापर्यंत नळी टाक आणि आतून काय वाहतंय ते बघू नकोस. पोर्ट ४४३ असेल तर ठीक. स्पॅमर २५ सांगतो आणि त्या नळीतून थेट एसएमटीपी, म्हणजे मेल सर्व्हरांची भाषा, बोलायला लागतो. पलीकडच्या मेल सर्व्हरला आयपी दिसतो तुमचा. स्पॅमरचा आयपी फक्त तुमच्याच लॉगमध्ये उरतो, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या प्रॉक्सीचाच.

यात नवीन काही नाही. सर्ट या सुरक्षेचे इशारे देणाऱ्या संस्थेनं २००२ मध्येच या दुखण्याबद्दल इशारा दिला होता. एचटीटीपीचं आजचं प्रमाण, म्हणजे २०२२ चं आरएफसी ९११०, कनेक्टच्या भागात पोर्ट २५ चंच उदाहरण घेऊन सांगतं की असं चालू दिलं तर प्रॉक्सी स्पॅमची हमाली करेल. प्रमाणाच्या कोरड्या मजकुरात स्पॅम हा शब्द यावा, यावरून हा प्रकार किती मुरलेला आहे ते कळतं.

दुसरी एक युक्ती जास्त मजेशीर आहे. कनेक्ट बंद असला तरी स्पॅमर 'पोस्ट' वापरून पाहतो, पत्ता मात्र मेल सर्व्हरचा आणि पोर्ट २५. अपाची बिचारा ती साधी वेब विनंती समजून पुढे पाठवतो. पलीकडच्या मेल सर्व्हरला पोस्ट, होस्ट, कंटेंट-टाइप या ओळी म्हणजे न कळणाऱ्या कमांड. तो प्रत्येकीला ५०० च्या घरातला एरर देतो आणि पुढची ओळ वाचतो. हेडर संपले की पोस्टचा मजकूर सुरू होतो आणि त्यात स्पॅमरनं हेलो, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा असं सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं असतं. मेल सर्व्हरला एकदम आपली भाषा ऐकू येते आणि मेल घेतला जातो. पोस्टफिक्समध्ये यावर मुद्दाम तोडगा आहे: 'एसएमटीपीडी फॉरबिडन कमांड्स' या सेटिंगमध्ये कनेक्ट, गेट, पोस्ट मुळातच टाकलेले असतात आणि असा शब्द आला की तो जोडणीच तोडतो. पण जगातला प्रत्येक मेल सर्व्हर इतका सावध नसतो. म्हणून लॉग चाळताना फक्त कनेक्ट शोधून थांबू नका, ':२५' शोधा.

पहिली वेळ: जुनं 'तात्पुरतं' काम

आमच्या व्हीहोस्टच्या (अपाचीत एकेका साइटसाठी लिहिलेल्या कॉन्फिगच्या) फाइलीत तीन गोष्टी एकत्र सापडल्या. 'प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑन', 'अलाउकनेक्ट ४४३ २५' आणि प्रॉक्सी-स्टार ब्लॉकमध्ये 'रिक्वायर ऑल ग्रँटेड'. आधीच्या माणसानं हे का केलं तेही वरच्या टिपेवरून कळलं. संस्थेच्या आतल्या यंत्राला इंटरनेट नव्हतं आणि एसएमएस व मेल पाठवायचे होते, म्हणून या सर्व्हरमधून वाट काढून दिली. टिपेचा शेवटचा शब्द होता 'तात्पुरतं'.

इतकं जुळून येणं दुर्मीळ, पण त्यातली पहिली ओळ मला दर चार सर्व्हरमागे एकावर सापडते. कारण एक गैरसमज. टॉमकॅट किंवा नोडचं अॅप अपाचीच्या मागे लावायचं असतं, कोणीतरी कुठूनतरी नमुना उचलतो, त्यात प्रॉक्सीपास असतं आणि सोबत प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑन. नाव वाचून वाटतं, हे चालू असल्याशिवाय प्रॉक्सी कशी चालेल? तर ती उत्तम चालते. प्रॉक्सीपास म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी: बाहेरचा माणूस तुमच्याकडे येतो आणि तुम्ही ठरवलेल्या एकाच ठिकाणाहून माल आणून देता. प्रॉक्सीरिक्वेस्ट्स म्हणजे फॉरवर्ड प्रॉक्सी: बाहेरचा माणूस सांगेल तिथे तुम्ही जाता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ही डायरेक्टिव्ह मुळात ऑफच असते आणि रिव्हर्स प्रॉक्सीसाठी तिला हात लावायची गरज नसते. शिवाय ऑन करून प्रॉक्सी ब्लॉक लिहिलाच नाही, तर सगळ्यांना मोकळं रान.

अलाउकनेक्टचंही तसंच. ती लिहिली नाही तर अपाची कनेक्टला फक्त ४४३ आणि ५६३ हे पोर्ट देतो, त्यामुळे २५ मागणाऱ्याला ४०३, म्हणजे मनाई, मिळतो. आमच्याकडे कोणीतरी मुद्दाम २५ जोडला होता.

एक खुलासा. मॉड्यूल लोड झालेलं दिसलं म्हणून घाबरू नका. रेड हॅट घराण्यात ००-प्रॉक्सी.कॉन्फ ही फाइल सगळी प्रॉक्सी मॉड्यूलं लोड करूनच येते. मॉड्यूल असणं म्हणजे घरात शिडी असणं. ती कोणी भिंतीला लावून ठेवलीय का, हा प्रश्न आहे. तरी कनेक्टची गरज नसेल तर डेबियनवर 'ए२डिसमॉड प्रॉक्सी_कनेक्ट' करून टाका. अडगळ तेवढीच कमी.

मी तिन्ही ओळी काढल्या, सिंटॅक्स तपासला, रीलोड केलं आणि पुन्हा एसएस चालवलं. जोडण्या तशाच! पाच मिनिटांनी पाहिलं, थोड्या कमी, पण आहेतच. चुकीची फाइल बदलली की काय म्हणून पुन्हा शोधाशोध. उत्तर साधं होतं. रीलोड म्हणजे ग्रेसफुल: जुने चाइल्ड प्रोसेस हातातली विनंती पूर्ण करूनच मरतात. वेब पानाची विनंती क्षणात संपते, पण कनेक्टची नळी हीसुद्धा एकच विनंती, आणि ती पलीकडून कोणी तोडेपर्यंत तासन्‌तास चालते. तोपर्यंत जुना प्रोसेस जुन्या कॉन्फिगनिशी जिवंत. इथे सरळ स्टॉप करून स्टार्ट करायचं. साइट दोन सेकंद गेली तरी चालेल.

रीस्टार्टनंतर २५ नंबर रिकामा झाला. यादीतून नाव काढून घेतलं, पावत्या गेल्या, ऑफिसातून "झालं बरं का दादा" असा निरोपही आला.

दुसरी वेळ: जुळी फाइल

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच मेल, तीच यादी. या वेळी लॉग उघडला तर पोर्ट ८० वर सगळ्या कनेक्टना ४०५, म्हणजे ही मेथड इथे चालत नाही. म्हणजे आपलं काम पक्कं. पण एसएसमध्ये अपाची पुन्हा २५ वर बोलत होता.

दोष सापडला तो कॉन्फिगच्या अख्ख्या फोल्डरात 'ग्रेप -आरएन' लावून शब्द शोधल्यावर. सर्टबॉटनं (सर्टिफिकेट आणून बसवणाऱ्या साधनानं) एचटीटीपीएस लावताना पोर्ट ८० च्या व्हीहोस्टची नक्कल करून '-एलई-एसएसएल.कॉन्फ' नावाची जोडफाइल बनवली होती. सर्टबॉट तसंच करतो आणि त्यात गैर काही नाही. पण नक्कल झाली तेव्हा मूळ फाइलीत त्या तीन ओळी होत्या, त्या तशाच्या तशा ४४३ च्या व्हीहोस्टमध्ये गेल्या. मी मूळ फाइल साफ केली. जुळा भाऊ तसाच मोकळा.

"पण ४४३ वर तर टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं कूटलेखन, असतं, तिथून प्रॉक्सी कोण वापरेल?" हा प्रश्न मलाही पडला होता. आधी टीएलएस जोडायचं आणि त्याच्या आत कनेक्ट म्हणायचं, इतकंच. कर्ल या कमांडलाइनवरून वेब विनंत्या पाठवणाऱ्या साधनालासुद्धा हे २०१६ च्या अखेरीस आलेल्या ७.५२.० पासून येतं. स्पॅमरांकडची साधनं कर्लच्या मागे नसतात.

तेव्हा साफसफाई करताना एक फाइल उघडून समाधान मानू नका. ग्रेप पूर्ण फोल्डरावर चालवा आणि 'अपाचीसीटीएल -टी -डी डम्प_व्हीहोस्ट्स' करून सर्व्हर खरोखर कोणत्या फाइलीतले व्हीहोस्ट वाचतोय ते पाहा. यात डी मोठा, टी छोटा. डेबियन-उबुंटूवर आणखी एक खोडी आहे. साइट्स-एनेबल्ड मध्ये सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी खूण) असायला हवी, पण कोणीतरी कधीतरी तिथे फाइलच कॉपी करून ठेवलेली असते. मग तुम्ही साइट्स-अव्हेलेबल मधली फाइल कितीही दुरुस्त करा, सर्व्हर आपली जुनीच पोथी वाचत राहतो. 'एलएस -एल' केल्यावर बाण दिसला नाही की समजायचं.

आणि सर्व्हर अॅन्सिबलसारख्या कॉन्फिग आपोआप लिहिणाऱ्या साधनानं किंवा होस्टिंग पॅनेलनं चालत असेल तर दुरुस्ती टेम्पलेटमध्ये करा. हातानं केलेली पुढच्या अपडेटला पुसली जाते आणि तुम्ही भुतानं झपाटल्यासारखे तीच ओळ दर महिन्याला काढत बसता.

बाहेरून तपासा, आतून नाही

सर्व्हरवर बसून केलेली चाचणी फसवी. तिथून 'रिक्वायर लोकल' पण पास होतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, म्हणजे ऑफिसचा आयपीही मध्ये येणार नाही, आणि कर्लला -एक्स देऊन आपला सर्व्हर प्रॉक्सी म्हणून सांगा. एक्स छोटा हवा. मोठा एक्स दिला तर त्याचा अर्थ मेथड असा होतो आणि चाचणी भलतीच होते. सोबत -व्ही ठेवा.

तीन चाचण्या पुरेशा आहेत. आधी प्रॉक्सीतून एक्झाम्पल डॉट कॉम मागा. 'एक्झाम्पल डोमेन' असं शीर्षक आलं तर दार उघडं. तुमचंच मुख्यपान किंवा ४०३ आलं तर बंद. मग -पी जोडून टेलनेट स्कीमनं तुमच्या स्वतःच्या मालकीच्या मेल सर्व्हरचा पोर्ट २५ मागा. २२० नं सुरू होणारी ओळ आली म्हणजे नळी पोचली. घरच्या ब्रॉडबँडवर २५ बंद असतो अशी शंका काढू नका; तुम्ही ८० वर जोडताय, २५ वर तुमचा सर्व्हर जातोय. शेवटी याच दोन्ही चाचण्या प्रॉक्सीचा पत्ता एचटीटीपीएस आणि ४४३ करून पुन्हा. माझी पहिल्या खेपेला हीच राहिली होती. ८०८०, ८४४३ असे आणखी पोर्ट ऐकत असतील तर तेही. दुसऱ्याच्या मेल सर्व्हरवर हे प्रयोग करू नका, आधीच नाव काळ्या यादीत आहे.

तिसरी वेळ: खोटा गजर

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मेल व्यवस्थित जात होते. संस्थेत नव्यानं लागलेला कॉम्प्युटरवाला मुलगा हुशार. त्यानं स्वतः लॉग उघडला होता. "सर, बघा ना, बाहेरच्या साइट मागतायत आणि आपण २०० देतोय. परत हॅक झालंय."

ओळ खरी होती. पूर्ण पत्त्यासहित गेट, दुसऱ्याच साइटचं नाव, आणि पुढे २००. पण २०० चा अर्थ 'मागितलेलं दिलं' असा होत नाही, 'काहीतरी दिलं' एवढाच होतो. १९९७ च्या आरएफसी २०६८ पासून नियम आहे की वेब सर्व्हरनं पूर्ण पत्त्याची विनंती स्वीकारली पाहिजे. अपाची त्यातलं होस्टनाव काढतो, तसा व्हीहोस्ट शोधतो, सापडला नाही की पहिल्या व्हीहोस्टकडे जातो आणि त्याचं मुख्यपान देतो. २०० त्या पानाचा. ओळखायची खूण म्हणजे २०० च्या पुढचा बाइटचा आकडा. अशा दहा-बारा ओळींत तो तोच तो दिसला आणि तुमच्या मुख्यपानाच्या आकाराशी जुळला, तर चिंता नको. प्रत्येक ओळीत वेगळा असेल, तर मात्र खरंच कोणीतरी तुमच्या खांद्यावरून जग बघतंय.

कनेक्टला २०० दिसणं जास्त धडकी भरवतं. पण मुख्यपान पीएचपीचं असेल तर तेही घडू शकतं: पीएचपी मेथड कोणती आहे ते न बघता पान बनवून देतं. नळी वगैरे काही टाकली जात नाही. तरी अंदाजावर सोडू नका, वरची बाहेरची चाचणी करून खात्री करा.

हे सगळं टाळायचा उपाय म्हणजे एक खोटा पहिला व्हीहोस्ट. अपाची फाइली नावाच्या क्रमानं वाचतो, म्हणून ०००- नं सुरू होणारं नाव द्या, आत कोणतंही निरुपयोगी सर्व्हरनेम आणि मुळाशी 'रिक्वायर ऑल डिनाइड'. खऱ्या साइट पुढच्या फाइलींत. मग अनोळखी नावानं येणारा प्रत्येक जण ४०३ खाऊन जातो आणि लॉगमध्ये २०० चा भ्रम उरत नाही. ४४३ साठीही तसाच वेगळा करावा लागतो. त्याला स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट चालतं. आमच्याकडे कोणीतरी 'नको ती डीफॉल्ट साइट' म्हणून ०००-डीफॉल्ट बंद केली होती, त्यामुळे वर्णानुक्रमानं पुढची, म्हणजे संस्थेचीच साइट, सगळ्या जगाची धर्मशाळा झाली होती. पहिल्या दोन्ही खेपांना स्पॅमर नेमके त्याच व्हीहोस्टमध्ये पडत होते, ते यामुळेच.

रिव्हर्स प्रॉक्सीतली भोकं

प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑफ असूनही सर्व्हर उघडा राहू शकतो. रीराइटरूलला [पी] फ्लॅग (विनंती प्रॉक्सीनं पुढे पाठव) लावून लक्ष्यात 'एचटीटीपी_होस्ट' हे व्हेरिएबल टाकलं की संपलं. होस्ट हेडर पाठवणारा लिहितो. म्हणजे कुठे जायचं ते तोच ठरवतो. एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये याचा सख्खा भाऊ म्हणजे प्रॉक्सी_पासमध्ये 'डॉलर होस्ट'. एन्जिनएक्स मुळात कनेक्ट बोलत नाही, नकार देऊन मोकळा होतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण या एका ओळीनं साधी गेट-पोस्ट प्रॉक्सी तयार होते. लक्ष्य नेहमी हातानं लिहिलेलं, ठरलेलं असावं.

लक्ष्याच्या शेवटी स्लॅश नसणं हेही महागात पडतं. अंतर्गत यंत्राचं नाव आणि त्याला लगटून डॉलर-एक (इथे विनंतीतला मजकूर येऊन बसतो), मध्ये स्लॅश नाही, अशा नियमाला कोणी @ नं सुरू होणारी विनंती पाठवली की नावाचा आधीचा भाग युजरनेम ठरतो आणि विनंती @ च्या पुढच्या यंत्राकडे जाते. २०११ मध्ये हे सीव्हीई-२०११-३३६८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या भोकांना मिळणारा नोंदणी क्रमांक) म्हणून गाजलं. २०२१ मध्ये मॉड_प्रॉक्सीतच दुसरं भोक निघालं, सीव्हीई-२०२१-४०४३८, ते २.४.४९ मध्ये बुजवलं. गंमत अशी की २.४.४९ नं स्वतःच पाथ ट्रॅव्हर्सलची (साइटच्या फोल्डराबाहेरच्या फाइली वाचता येण्याची) नवी पीडा आणली आणि ती नीट मिटायला २.४.५१ यावं लागलं. डेबियन, रेड हॅट जुन्याच आकड्यावर दुरुस्ती चिकटवतात, त्यामुळे नुसता आवृत्तीचा आकडा बघून निर्णय घेऊ नका, पॅकेजचा चेंजलॉग बघा.

क्लाउडवर असाल तर स्पॅम ही सगळ्यात लहान भीती आहे. उघड्या प्रॉक्सीतून १६९.२५४.१६९.२५४, म्हणजे यंत्राची माहिती देणाऱ्या मेटाडेटा सेवेचा पत्ता, मागितलं की एडब्ल्यूएससारख्या ठिकाणी यंत्राच्या किल्ल्या बाहेर येऊ शकतात. एडब्ल्यूएसनं नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलेली मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती सक्तीची करून ठेवा. तिला आधी टोकन घ्यावं लागतं.

कॉन्फिग चुकलं तरी चालेल अशी भिंत

तिसऱ्या फोननंतर मी ठरवलं की अपाचीच्या फाइलींवर विश्वास ठेवायचा नाही. त्या आज मी लिहिल्यात, उद्या दुसरा कोणी 'तात्पुरतं' म्हणून बदलेल. वेब सर्व्हरच्या युजरला बाहेर २५ वर जाताच येऊ नये, हे कर्नलला सांगायचं.

आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, ओनर नावाचा मॅच आहे. आउटपुट चेनमध्ये, पोर्ट २५, युआयडी-ओनर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रिजेक्ट. रेड हॅटवर युजर अपाची. तीन गोष्टी सांभाळा. त्याच्या वर लूपबॅकला (यंत्राच्या स्वतःशीच होणाऱ्या जोडण्यांना) परवानगी द्या, नाहीतर पीएचपीतून लोकलहोस्टच्या पोस्टफिक्सला जाणारा मेलही अडेल. पोस्टफिक्स स्वतः वेगळ्या युजरखाली बाहेर जातो, त्याला धक्का लागत नाही. हाच नियम आयपीव्ही६ साठी आयपी६टेबल्समध्येही टाका, स्पॅमरांना ती वाट माहीत आहे. आणि नेटफिल्टर-परसिस्टंटनं जतन करा. नाहीतर रीबूटनंतर भिंत गायब आणि तुम्ही पुन्हा याच लेखावर. रिजेक्टच्या आधी लॉगचा नियम 'लॉग-युआयडी' सह ठेवला तर पुढच्या वेळी पतसंस्थेच्या फोनऐवजी कर्नलचा लॉग तुम्हाला आधी सांगेल.

अॅप बाहेरच्या मेल सेवेला ५८७ वरून जात नसेल तर ४६५ आणि ५८७ ही याच नियमात घाला. अपाची डॉकरमध्ये असेल तर मात्र ओनर मॅच उपयोगाचा नाही. कंटेनरचं पॅकेट फॉरवर्ड चेनमधून जातं. तिथे डॉकर-युजर चेनमध्ये नियम टाकावा लागतो.

एसईलिनक्स (कर्नलमधली जादा सुरक्षा) वापरणाऱ्यांकडे ही भिंत आयतीच असते, आणि लोक पहिल्याच दिवशी ती पाडतात. टॉमकॅटला जोडताना ५०३ येतो, शोधल्यावर 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' चालू करा असं मिळतं, आणि त्यानं सगळे पोर्ट मोकळे होतात. '...नेटवर्क_रिले' हा बूलियन वापरून बघा. त्यात ८०, ४४३, ८०८० असे वेबचे नेहमीचे पोर्ट येतात, २५ येत नाही.

आतल्या यंत्राचं काय?

ते यंत्र अजून होतंच आणि त्याला अजून एसएमएस पाठवायचे होते. त्यासाठी स्क्विड हा वेगळा प्रॉक्सी सर्व्हर लावला, तोही फक्त आतल्या आयपीवर, १०.०.०.५ च्या ३१२८ वर. स्क्विडचं मूळ कॉन्फिग शहाणं असतं: कनेक्ट फक्त एसएसएल_पोर्ट्स यादीला, २५ सेफ_पोर्ट्समध्ये नाहीच, शेवटी सगळ्यांना नकार. फक्त नियम वरून खाली वाचले जातात हे ध्यानात ठेवा. घाईत 'अलाउ ऑल' सगळ्यात वर लिहिला की खालचे सगळे नकार शोभेचे. मेलसाठी आतलं यंत्र आता याच सर्व्हरच्या पोस्टफिक्सला देतं, प्रॉक्सीतून नाही. अपाचीतच फॉरवर्ड प्रॉक्सी ठेवायची असेल तर वेगळा पोर्ट, आतल्या आयपीवरच लिसन, 'रिक्वायर आयपी १०.०.०.०/२४' आणि अलाउकनेक्टमध्ये फक्त ४४३.

बंद केल्यानंतर

यादीतून नाव काढायची विनंती सगळं बंद झाल्यावरच करा. एक्सबीएलची विनंती स्पॅमहाउसच्या साइटवरून स्वतःच करता येते आणि ते त्याचे पैसे घेत नाहीत. कोणी मागितले तर तो दुसराच कोणी आहे. गळती चालू असताना नाव काढलं तर ते परत चढतं, आणि दर वेळी काढणं जड जातं.

लॉगमधली वर्दळ मात्र लगेच थांबत नाही. तुमचा आयपी उघड्या प्रॉक्सींच्या याद्यांत फिरत असतो, लोक येत राहतात. एझेडएनव्ही.पीएचपी नावाची फाइल मागणाऱ्या ओळी दिसतील. प्रॉक्सी जिवंत आहे का ते तपासायची ती स्पॅमरांची नाडीपरीक्षा. आमच्याकडे हे ४०३ आणि ४०५ कित्येक आठवडे पडत राहिले. त्रास नाही, फक्त लॉग फुगतो. फेल२बॅन (लॉग बघून आयपींना बंदी घालणारं साधन) लावायचं असेल तर आधी बघा की सर्व्हर सीडीएनच्या, म्हणजे साइटपुढे उभ्या राहणाऱ्या मध्यस्थ सेवेच्या, मागे आहे का. असेल आणि खरा आयपी लॉगमध्ये येत नसेल, तर तुम्ही सीडीएनलाच बंदी घालाल आणि साइट सगळ्यांसाठी पडेल. तसा सीडीएन असेल तर सोपा मार्ग वेगळाच आहे: ८० आणि ४४३ फक्त सीडीएनच्या आयपींना उघडे ठेवा, ही सगळी जत्रा दारातच थांबते.

आता माझ्या घरच्या छोट्या यंत्रावर रोज पहाटे एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालतो. बाहेरून पतसंस्थेच्या सर्व्हरला प्रॉक्सी समजून ८० आणि ४४३ दोन्हीवर एक्झाम्पल डॉट कॉम मागतो, आणि 'एक्झाम्पल डोमेन' हे शब्द आले तरच मला मेल करतो. गेल्या आठवड्यात एकदा मुद्दाम प्रॉक्सी उघडून क्रॉन हातानं चालवून पाहिला, मेल आला. मग बंद केली आणि, या वेळी न विसरता, रीस्टार्ट केलं.